रस्ता चालायला कसा वाटतो हे डेटातून काढता येईल का? (नौपाडा आणि नेरुळ)

खाडीपल्याड:
मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण वाचा. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड आणि त्यांना जोडणाऱ्या नौपाड्यातल्या गल्ल्या घ्या. फूटपाथ धड नाही, रिक्षा अंगावर येतात, हॉर्न डोकं उठवतात, तरी संध्याकाळी लोक तिथे हौसेने पायी फिरतात, आजीआजोबासुद्धा. आणि नेरुळ स्टेशनवरून आत सेक्टरमध्ये जाणारे काही रस्ते बघा. रुंद, दोन्हीकडे झाडं, फूटपाथ आहे, गाड्या कमी, आणि रात्री नऊनंतर पायी पंधरा मिनिटांच्या अंतरासाठी माणसं रिक्षाच्या लाईनीत उभी राहतात. कागदावर दुसरा रस्ता जवळजवळ सगळ्याच बाबतीत सरस आहे. मग फरक नेमका कशाचा आहे ते मला मोजून बघायचंय.

कारण असं की आमच्या आसपासच्या सोसायट्यांचा एक ग्रुप आहे, आम्हाला रस्त्यांबद्दल एक निवेदन द्यायचंय, आणि "इथे चालायला बरं वाटत नाही" एवढंच लिहिलं तर पुढे काहीच होणार नाही हे सगळ्यांना माहितीये. कुठल्या तुकड्यात काय कमी आहे हे नकाशावर दाखवता आलं तर बोलता येईल.

मी डेटाचंच काम करतो, पायथन येतं, क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) थोडंफार. एमआयटीच्या प्लेस पल्सबद्दल वाचलंय, फोटो दाखवून लोकांना विचारायचं आणि त्यावरून मॉडेल शिकवायचं तो प्रकार. ते तयार मॉडेल आपल्या रस्त्यांच्या फोटोंवर चालवलं तर काही हाती लागेल का? का सगळं पहिल्यापासून करावं लागेल? आणि फोटो सोडून आणखी काय गोळा करू, आवाज वगैरे? कुणी आपल्या भागात असलं काही केलं असेल तर प्लीज सांगा.

नकाशेवेडा:
छान विषय काढलास. तयार मॉडेल सरळ चालवू नकोस, कारण सांगतो.

प्लेस पल्स २०११ ला सुरू झालं. आधी न्यूयॉर्क, बोस्टन आणि ऑस्ट्रियातली लिंझ, साल्झबर्ग अशी चारच शहरं होती. दोन फोटो शेजारी शेजारी दाखवायचे आणि विचारायचं यातली कुठली जागा जास्त सुरक्षित वाटते, कुठली जास्त उच्चवर्गीय, कुठली जास्त वेगळी, बस. नंतर ते ५६ शहरांवर गेलं, १,१०,९८८ फोटो, जवळपास ११ लाख ७० हजार तुलना, आणि प्रश्न सहा: सुरक्षित, चैतन्याची, कंटाळवाणी, श्रीमंत, उदास, सुंदर. २०१६ मध्ये त्यावर डीप लर्निंगचं मॉडेल शिकवलं गेलं. काम मोठं आहे यात वाद नाही. पण फोटो सगळे गूगल स्ट्रीट व्ह्यूचे, आणि आपल्याकडे तेव्हा स्ट्रीट व्ह्यू नव्हतंच, ते भारतात नीट सुरू झालं २०२२ ला. म्हणजे आपल्यासारखा रस्ता त्या मॉडेलने शिकताना पाहिलेलाच नाही. ठाण्याच्या जांभळी नाक्याचा फोटो दिला तर गर्दी, ताडपत्र्या, लोंबणाऱ्या वायरी बघून ते काहीतरी आकडा देईलच, मॉडेल गप्प कधीच बसत नाही, पण तो आकडा बोस्टनच्या नजरेचा असेल.

त्यापेक्षा काम दोन भागांत तोड. पहिला भाग, फोटोत काय आहे हे मोजणं, म्हणजे सेगमेंटेशन: आकाश किती टक्के, झाडं किती, भिंत किती, वाहनं किती. इथेही सिटीस्केप्स नावाच्या फोटोसंग्रहावर शिकलेलं मॉडेल घेऊ नकोस, तो संग्रह जर्मनी आणि आसपासच्या ५० शहरांचा आहे. इंडियन ड्रायव्हिंग डेटासेट म्हणून आहे, ट्रिपलआयटी हैदराबादचा, हैदराबाद-बंगळुरू आणि आसपासच्या रस्त्यांवरचे १०,००० फोटो, ३४ प्रकार, रिक्षा त्यात वेगळी मोजलीये, आणि मातीची कडा जिथे रस्ता संपतो का फूटपाथ सुरू होतो हे कळत नाही असले प्रकारही धरलेत. आपल्याकडे तेच जवळचं.

दुसरा भाग, कसं वाटतं, हे आपल्याच लोकांना विचार. तुझं काम लहान आहे त्यामुळे जमेल. गणित बघ, प्लेस पल्समध्ये तुलना ११ लाखांवर असल्या तरी एका फोटोच्या वाट्याला सरासरी २१ आल्या, आणि सहा प्रश्नांत वाटल्या तर प्रश्नामागे साडेतीन. तू ६० फोटो घे आणि प्रश्न एकच ठेव. प्रत्येक फोटो २० वेळा तुलनेत यायला हवा असेल तर एकूण ६०० तुलना लागतात, ३० माणसांनी प्रत्येकी २० केल्या की झालं, मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे. मग ब्रॅडली-टेरी लाव, १९५२ ची पद्धत आहे, कोण कोणाला किती वेळा हरवतं त्यावरून क्रम लागतो, पायथनमध्ये थोडक्या ओळींत होतं. एक ते दहा मार्क द्या असं कुणालाही विचारू नकोस, कुणी सगळ्यांना सात देतो, कुणी सगळ्यांना चार. दोनातला एक निवडायला माणूस अडखळत नाही.

फोटो स्वतः काढ, छातीच्या उंचीवर मोबाईल धरून, ठरावीक अंतरावर. गाडीच्या टपावरच्या कॅमेऱ्याला रस्त्याच्या मधोमधून जे दिसतं ते फूटपाथवरून चालणाऱ्याला दिसत नाही. मॅपिलरीवर (रस्त्यांचे फोटो सगळ्यांसाठी ठेवणारी साइट) टाकलेस तर पुढच्या माणसालाही वापरता येतील, चेहरे आणि नंबरप्लेट ते पुसून घेतात.

आणि हो, झाडांची टक्केवारी काढणार असशील तर सगळे फोटो एकाच मोसमातले ठेव. ऑगस्टमधलं नेरुळ आणि एप्रिलमधलं नेरुळ हे दोन वेगळे रस्ते आहेत.

पनवेल स्लो:
मी रोज याच रस्त्याने येते म्हणून लिहिते. नकाशेवेडा यांनी सांगितलं ते सगळं ठीक आहे पण फोटो किती वाजता काढणार ते आधी ठरवा, माझ्या मते सगळं तिथेच अडतं. दुपारी दोन वाजता तुमच्या त्या सेक्टरच्या रस्त्याचा फोटो काढला तर कुणीही म्हणेल काय सुंदर रस्ता आहे, मीही म्हणेन, शनिवारी सकाळी तिथूनच भाजी आणायला जाते. आणि तोच रस्ता रात्री पावणेअकराला, ट्रेनमधून उतरलेली माणसं पहिल्या दोन वळणांवर पांगली की पुढे एका बाजूला सोसायटीची भिंत, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या सोसायटीची भिंत, गेट पार पलीकडच्या रस्त्यावर, आणि दिवा आहे पण झाडाच्या आत आहे. दिव्याचा उजेड झाडावर पडतो, फूटपाथवर पडत नाही. फूटपाथच्या कडेला ओळीने गाड्या लावलेल्या, म्हणजे एकीकडे भिंत, एकीकडे गाड्या आणि मध्ये मी. तिथून कुणाला हाक मारली तर ऐकणारं कोण आहे, हा प्रश्न डोक्यात असतो. म्हणून आम्ही बायका फूटपाथ सोडून रस्त्याच्या मधून चालतो, ते कुठल्या डेटात येणार?

आणि तुमच्या हिशोबात जास्त झाडं म्हणजे जास्त मार्क असंच होणार ना. रात्री ते उलटं होतं.

सेफ्टीपिन म्हणून आपल्याकडचंच काम आहे, २०१३ पासूनचं, दिल्लीत सुरू झालं, ते बघा. ते रस्त्याचं ऑडिट करतात त्यात उजेड, मोकळेपणा, चालायची वाट, माणसं आहेत का, बायका किती आहेत, बस-रिक्षा जवळ आहे का, असं धरतात, आणि त्यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे किती खिडक्या, दारं, दुकानं त्या जागेकडे बघतायत हे ते मोजतात. राम मारुती रोडला दुकानं बंद झाली तरी वर घरं आहेत, बाल्कनीत कुणीतरी फोनवर बोलत असतं, खाली पानवाला असतो. नेरुळच्या त्या तुकड्यात बिल्डिंगा आहेत, खिडक्या पण आहेत, पण भिंतीच्या आत वीसेक फूट आणि पार्किंगच्या वर. मला कुणी बघतंय असं वाटतच नाही.

म्हणून माझं म्हणणं, प्रत्येक जागेचे दोन फोटो हवेत, दिवसाचा आणि रात्रीचा, आणि रात्रीचे फोटो मोबाईलच्या नाइट मोडमध्ये काढू नका, त्यात अंधार सुद्धा उजळ दिसतो. आणि बायकांची उत्तरं वेगळी ठेवा. पुरुषांची आणि आमची एकत्र करून सरासरी काढलीत तर जो रस्ता आम्ही टाळतो तो मधल्या क्रमांकावर येऊन बसेल आणि निवेदनात त्याचं नावही येणार नाही.

नकाशेवेडा:
@पनवेल स्लो, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. नाइट मोडचं माझ्या यादीत नव्हतं. रात्री फोटोवर अवलंबून राहण्यापेक्षा उजेड सरळ मोजावा, साधं लक्स मीटर फार महाग नसतं, फूटपाथवर जमिनीलगत एक रीडिंग आणि चेहऱ्याच्या उंचीवर एक. समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसतो का हे दुसऱ्या रीडिंगवरून कळतं.

घोडबंदर ४७:
आवाजाबद्दल थोडं. नॉइजकॅप्चर नावाचं फुकट ॲप आहे, फ्रान्समधल्या संशोधकांचं, चालता चालता रेकॉर्ड करतं आणि नकाशावर मांडतं. मोबाईलचा माईक आधी एखाद्या चांगल्या मीटरशेजारी ठेवून जुळवून घ्या, नाहीतर दोन फोनमध्येच मोठा फरक दिसेल. आणि डेसिबलची साधी सरासरी काढू नका, बरेच जण काढतात. ६० आणि ८० ची सरासरी ७० येत नाही, ऊर्जेच्या हिशोबाने ७७ च्या आसपास येते. २००० च्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ ही मर्यादा आहे, निवेदनात हे आकडे शेजारी ठेवता येतील.

पण तुमच्या मूळ प्रश्नाला डेसिबल पुरणार नाही. आमच्याकडे घोडबंदर रोडला ट्रक आणि मेट्रोचं काम यांचा जो आवाज असतो आणि गोखले रोडला दिवाळीच्या खरेदीच्या संध्याकाळी जो असतो, मीटरवर दोन्ही सारखे येऊ शकतात, पण एकातून माणूस पळतो आणि दुसऱ्यात मुलांना घेऊन जातो. २०१६ मध्ये चॅटी मॅप्स म्हणून एक काम झालं होतं, लोकांनी फोटोंना जे टॅग दिले त्यातून रस्त्यावर कुठल्या जातीचा आवाज आहे हे काढलं, वाहनांचा, माणसांचा, संगीताचा, निसर्गाचा, बांधकामाचा. आपल्याकडे तसे टॅग मिळायचे नाहीत, पण तुम्ही मिनिटभराचं रेकॉर्डिंग ऐकून हाताने लिहू शकता की यात वाहन किती, माणसं किती. माणसांच्या बोलण्याचा वाटा किती आहे एवढा एक आकडा काढा. माझी पैज आहे तो तुमच्या सगळ्या हिरवळीच्या टक्क्यांपेक्षा जास्त सांगून जाईल.

सेक्टर आर्किटेक्ट:
मी वाशीत प्रॅक्टिस करतो. वरच्या सगळ्या प्रतिसादांत एक गोष्ट राहिलीये, रस्त्यांचं जाळं. बिल हिलियर आणि लंडनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकापासून यावर काम केलंय, स्पेस सिंटॅक्स म्हणतात त्याला. ढोबळ सांगायचं तर एखाद्या रस्त्यावर माणसं असतील की नाही हे बरंचसं तो रस्ता बाकीच्या रस्त्यांना किती कमी वळणांत जोडलेला आहे त्यावर ठरतं. नौपाड्यात कुठूनही कुठेही जायला चार वाटा आहेत, त्यामुळे प्रत्येक गल्लीत थोडी थोडी माणसं पडतात. नवी मुंबई वेगळ्या विचाराने झाली. १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर हवं हे मांडलं, १९७० ला सिडको आली, आणि नोड म्हणजे एकेक उपनगर, नोडमध्ये सेक्टर, सेक्टरमध्ये आतले रस्ते अशी मांडणी झाली. त्यात चांगलंही पुष्कळ आहे, आतल्या रस्त्यावर मुलं खेळू शकतात, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधले चौक आजही बघण्यासारखे आहेत. पण आतल्या रस्त्याला बाहेरच्या माणसाचं काही काम नसतं. त्यात नंतर एकेका सोसायटीने मागचं गेट बंद केलं, आणि जी काही जोडणी होती तीही तुटली.

हे मोजता येतं. ओएसएमएनएक्स या पायथन लायब्ररीने ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातलं रस्त्यांचं जाळं उतरवून घे आणि डेप्थमॅप या स्पेस सिंटॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, दोन्ही फुकट आहेत. मात्र एक काळजी घे, नकाशावरची पायवाट आणि प्रत्यक्षातली पायवाट यात फरक असतो. बंद गेट, स्टेशनखालचा सबवे, नाल्यावरची फळी, भिंतीतलं भगदाड जिथून सगळे जातात, हे स्वतः फिरून नकाशात भरावं लागेल, नाहीतर कॉम्प्युटर तुला बंद गेटातून चालवत नेईल.

आणखी एक. कोण चालतंय हे मोजण्यापेक्षा कोण थांबलंय ते मोज. विल्यम व्हाइट यांनी सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या इमारतींसमोरच्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे लावून ठेवले होते, काही चौक भरलेले आणि काही ओस का, हे बघायला. ऊन, जागेचा आकार, जागा किती मोठी सगळं तपासलं, आणि सगळ्यात ठळक निघालं ते साधं होतं, जिथे बसायला जागा तिथे लोक. ठाण्याच्या तलावपाळीला काय आहे? कठडा आहे, आणि कठड्यावर माणसं आहेत. नौपाड्यात दुकानांना पायऱ्या आहेत, वडापावची गाडी आहे, देवळाचा ओटा आहे. नेरुळच्या तुझ्या तुकड्यात टेकायला काहीही नाही, दोन माणसांना बोलायचं असेल तर ती बोलणार कुठे? पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून उभे, बसलेले, बोलणारे मोजायचे, संध्याकाळी सहाला, आठला आणि दहाला. याला कसलंही मॉडेल लागत नाही, वही लागते.

नेरुळगावचा:
धागा वाचतोय पहिल्यापासून. मला एक भीती आहे ती मांडतो, राग नका मानू. तुम्ही नेरुळचा नकाशा करणार म्हणजे त्यात आमचं गाव पण येणार, शिरवणे, दारावे, करावे पण येतील. हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं राहिलंय आणि गावठाणं आहेत तिथेच आहेत, सेक्टरांच्या मध्ये. आमच्या गल्ल्यांचा फोटो काढला तर काय दिसणार, अरुंद वाट, डोक्यावर वायरी, घराला घर चिकटलेलं, बाईक लावलेल्या. सोसायटीतल्या ३० जणांना तो फोटो दाखवून विचारलं की सुरक्षित वाटतं का, तर ते नाही म्हणणार, त्यांनी आत पाऊलच टाकलेलं नसतं. आणि माझी बहीण रात्री बारा वाजता त्याच गल्लीतून एकटी येते कारण प्रत्येक ओट्यावर आत्या नाहीतर काकी बसलेली असते. वर ताईंनी लिहिलंय ना, हाक मारली तर ऐकणारं कोण, आमच्याकडे हाक मारायच्या आधीच तिघं विचारतात कुठून येतेस.

मग तुमच्या नकाशात आमचं गाव लाल रंगात येणार आणि तो नकाशा उद्या व्हॉट्सॲपवर फिरणार. त्यावरून कोण घर भाड्याने घेणार, कोण पोराला ट्यूशनला पाठवणार नाही, हे सगळं होतं. तो आकडा आमच्या रस्त्याचा नसून बघणाऱ्याच्या ओळखीचा आहे. मोजू नका असं नाही म्हणत, आमच्याकडे पण उजेडाचे प्रश्न आहेत, गटाराची झाकणं नाहीत, ते यायलाच हवं. पण आमच्या गल्लीला मार्क कोण देणार ते सांगा.

नकाशेवेडा:
हा मुद्दा खराच आहे आणि प्लेस पल्सवाल्यांच्या पहिल्याच कामात त्याची दुसरी बाजू दिसते. २०१३ च्या पेपरात त्यांनी दाखवलं होतं की न्यूयॉर्क आणि बोस्टनमध्ये वस्तीवस्तीत किती सुरक्षित वाटतं यातला फरक लिंझ आणि साल्झबर्गपेक्षा जास्त आहे. पण मत देणारे जगभरातून क्लिक करणारे लोक होते, त्या गल्लीत राहणारे नव्हे. बाहेरच्याला काय वाटतं आणि राहणाऱ्याला काय वाटतं हे दोन वेगळे स्तंभ ठेवले तर उलट त्यातूनच कामाची गोष्ट निघेल. जिथे बाहेरचा घाबरतो आणि राहणारा बिनधास्त आहे, तिथे रस्त्याचं फारसं काही बिघडलेलं नसतं, ओळख नसते. जिथे दोघंही टाळतात तिथे खरोखर काहीतरी दुरुस्त करायचंय. आणि राहणारा टाळतो पण बाहेरच्याला छान वाटतं, तो तर तुझा सेक्टरचा रस्ता, दुपारी काढलेला.

पनवेल स्लो:
शेवटचं वाक्य अगदी बरोबर. निवेदनात तेच पहिलं लिहा.

खाडीपल्याड:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी सगळं वाचून असं ठरवतोय, चुकत असेन तर अडवा.

एकूण स्कोअर काढायचाच नाही, रस्त्याला एक आकडा आणि एक रंग द्यायचा नाही. प्रत्येक तुकड्याचं वेगवेगळं मांडायचं: रात्रीचा लक्स, रस्त्याकडे उघडणारी दारं-खिडक्या-दुकानं, थांबलेली माणसं आणि त्यात बायका किती, आवाजात माणसांचा वाटा किती, आणि चालू असलेली गेटं धरून केलेलं जाळं. फोटोंची तुलना घेणार, पण दिवस-रात्र वेगळी, बायका-पुरुष वेगळे, राहणारे-बाहेरचे वेगळे. आता असे आठ गट झाले म्हणजे ३० माणसं पुरणार नाहीत हे कळतंय, म्हणून फोटो कमी करेन, दिवसाचे २४ आणि रात्रीचे २४, पण माणसं वाढवेन. गावठाणातल्या गल्ल्यांवर कुठलाही नकाशा बाहेर द्यायच्या आधी तो गावात दाखवायचा, आणि तिथल्या माणसांनी काढा म्हटलं तर काढायचा. नेरुळगावचा दादा, यासाठी तुमच्याशी बोलायला आवडेल, मेसेज करतो.

निवेदनात मागणी काय करायची हे पण आता जरा स्पष्ट होतंय. झाडं तोडा असं मुळीच नाही, दिवे झाडाच्या खाली आणा, फूटपाथच्या उंचीवर. दोन सोसायट्यांशी बोलून मागचं गेट किमान रात्री साडेअकरापर्यंत उघडं ठेवता येतं का बघायचं, ते तर महापालिकेकडे जायचीही गरज नाही. आणि त्या लांब भिंतीच्या तुकड्यात बसायला कट्टा आणि एखाद्या चहावाल्याला किंवा भाजीवालीला अधिकृत जागा.

घोडबंदर ४७:
चहावाल्याचं आधी करून बघा की, म्हणजे मोजणी त्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. तेवढ्या एका तुकड्यात काय बदललं ते आकड्यात दाखवता आलं तर बाकीच्या तुकड्यांसाठी भांडायला सोपं जाईल.

सेक्टर आर्किटेक्ट:
अनुमोदन. आणि तुलनेला शेजारचा तसाच एक तुकडा ठेव जिथे काहीच बदललेलं नाही, त्याच दिवशी त्याच वेळेला मोजलेला. नाहीतर नवरात्र आली, रस्ता भरला, आणि श्रेय चहाला गेलं असं होईल. मोजायला माणसं कमी पडली तर सांग, माझ्याकडे इंटर्न आहेत, दहाच्या पाळीला मी स्वतः येईन.

पनवेल स्लो:
दहाच्या पाळीला बायकापण हव्यात, आणि त्या जोडीने. माझ्या डब्यातल्या चौघीजणी तयार आहेत, विचारलंय मी. फॉर्म मराठी आणि हिंदी दोन्हीत करा, आणि "या रस्त्याऐवजी तुम्ही कुठल्या रस्त्याने जाता" हा प्रश्न त्यात नक्की टाका.